वाघजाईच्या वळणावर लाल ठिपका

गिरजाच्या रागाबद्दल मोहवाडीत कुणाला विचारायची सोय नाही. ज्याला विचाराल तो आधी इकडे-तिकडे बघेल, ती जवळपास नाही ना याची खात्री करेल आणि मगच तोंड उघडेल. लग्न होऊन आली त्याच वर्षी म्हशाच्या जत्रेत एका दलालाने सासऱ्याच्या गळ्यात लंगडा बैल मारला होता. ही नवी नवरी डोक्यावरचा पदर कमरेला खोचून त्या दलालाच्या तंबूत शिरली आणि बैल परत देऊन, पैसे घेऊनच बाहेर आली. पुढे शाळेत खिचडी शिजवायचं काम मिळालं, तेव्हा किडकी डाळ आली म्हणून तिने ती गोणी तपासणीला आलेल्या साहेबाच्या मोटारसायकलवर नेऊन ओतली. साहेब म्हणाला, "बाई, तक्रार लेखी द्या." गिरजा म्हणाली, "ही काय तोंडी दिसते काय तुमाला?"

अशा बाईला नवरा मिळाला तो महादू. मेणाहून मऊ. ट्रक चालवायचा. ओतूर-जुन्नरकडून टोमॅटोचे क्रेट भरायचे, माळशेज घाट उतरायचा, टोकावडे, मुरबाड करत कल्याणच्या मार्केटला माल टाकायचा. वीस-बावीस वर्षं हाच धंदा. कधी कुणाला गाडीखाली घेतलं नाही, कधी कुणाशी हुज्जत नाही. गिरजा तावातावाने बोलत असली की हा शांतपणे जेवायचा आणि शेवटी विचारायचा, "झालं? आता भात वाढ." आणि ती वाढायची. महादूवर राग धरणं तिला जमलंच नाही कधी.

घाटाच्या मध्यावर एक वळण आहे. तिथे कड्याच्या पोटाला शेंदूर फासलेला एक धोंडा, वर पत्र्याची पाखी, एक घंटा. ही वाघजाई. उतरणारा प्रत्येक ड्रायव्हर तिथे थांबायचा. खाली उतरायचं, हात जोडायचे, नारळ असला तर फोडायचा, नाही तर नुसती घंटा वाजवायची, एक बिडी ओढायची, चाकांभोवती एक चक्कर मारायची आणि मग पुढे निघायचं. गाडीत कितीही घाईचा माल असू दे, देवीला थांबल्याशिवाय कुणी घाट उतरायचा नाही. का, म्हणून कुणी विचारत नव्हतं. वस्तादाने शिकवलं तसं चेले करत होते. महादू शनिवारी खोबऱ्याची वाटी घरी आणायचा आणि गिरजा ती कालवणाला लावायची.

मागच्या दिवाळीनंतर धनेशशेठने आपल्या सगळ्या गाड्यांना जीपीएस बसवला. शेठचं ऑफिस मुरबाडला, गाड्या दहा-बारा, आणि उमेद अशी की जणू अख्खं मार्केट हाच उचलतोय. डॅशबोर्डच्या पोटात एक काळी डबी, तिच्यात सिमकार्ड, काचेजवळ चिकटवलेली चपटी अँटिना. डबी आकाशातल्या उपग्रहांकडून जागा हुडकायची, आणि गाडी कुठे आहे, किती स्पीडने चाललीय, कुठे उभी आहे हे टॉवरमार्फत शेठच्या ऑफिसात सारखं कळवत राहायची. घाटात मधे मधे रेंज नसते. तिथे ती सगळं आपल्या पोटात साठवून ठेवायची आणि रेंज आली की भडाभडा ओकायची. म्हणजे चुकवायची सोयच नाही.

ऑफिसात स्क्रीनसमोर बसायला शेठने कुणाली ठेवली होती. ती मोहवाडीचीच, गिरजाच्या घरापासून चार घरं टाकून, बारावी झालेली गुणी पोर. नकाशावर कुठे कुठे थांबायची परवानगी आहे ते हिरव्या गोलांनी दाखवलेलं. पेट्रोल पंप, ठरलेला ढाबा, मार्केट. त्या गोलाबाहेर गाडी पाच मिनिटं उभी राहिली की ठिपका लाल व्हायचा, स्क्रीन टुंग टुंग वाजायची आणि कुणालीने फोन लावायचा. "महादूकाका, गाडी का थांबली? शेठ विचारतात."

"देवीला थांबलो गो," महादू सांगायचा.

"काका, लवकर निघा ना. माझ्यावर ओरडतात ते."

महिन्याअखेरीला शेठ सगळ्या ड्रायव्हरांना उभं करून लाल ठिपके वाचून दाखवायचा. ज्याचे जास्त त्याला सगळ्यांसमोर झापायचं, "देवदर्शन सुट्टीच्या दिवशी करा, माझ्या डिझेलवर नको," म्हणायचं. उंटावरून शेळ्या हाकायची हौस ती हीच. बावीस वर्षं घाट उतरवलेल्या माणसाला खुर्चीतून विचारायचं, का थांबलास. महादू घरी येऊन हे सांगायचा तेव्हा गिरजाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "तुमी त्याच्या कानाखाली का नाय वाजवली?" महादू म्हणायचा, "भात वाढ."

पौषात, म्हशाची जत्रा उठली त्याच आठवड्यात, महादूची गाडी घाटात खालच्या वळणावरून दरीत गेली. भर दुपारी. ब्रेक फेल, असं सगळे म्हणाले. टोमॅटोचा सडा पडला होता आणि त्यात तो. गिरजाला लोकांनी तिथे जाऊ दिलं नाही आणि त्याबद्दल तिने कुणालाही अजून माफ केलेलं नाही.

दहावा झाला, तेरावा झाला. गिरजा रडली नाही, ती भांडायला लागली, आणि तेही कुणाशी, तर वाघजाईशी. बावीस वर्षं तो तुझ्यापुढे थांबला, नारळ फोडले, घंटा वाजवली, तुला एक ट्रक धरता आला नाय? घरात देव्हाऱ्यात वाघजाईचा टाक होता, तो तिने काढून तांदळाच्या कणगीत पालथा टाकला. सकुबाई, तिची सासू, म्हणाली, "अगो, असं करू नये, कोपेल ती." गिरजा म्हणाली, "कोपू दे. आणखी काय करणार हाय ती?" सकाळी खिचडी ढवळताना, दुपारी भांडी घासताना, तिच्या तोंडात देवीला शिव्या चालूच. दोन महिने हे असं चाललं.

गुढीपाडव्याला धनेशशेठने गाड्यांची पूजा केली आणि गिरजाला बोलावणं धाडलं. ऑफिसात महादूचा फोटो लावला होता, त्याला झेंडूचा हार. बाकीचे ड्रायव्हर भिंतीला टेकून उभे. शेठने शाल दिली, श्रीफळ दिलं, दोन शब्द बोलला. माणूस दुष्ट नव्हता, हेच तर वाईट. दुष्ट असता तर गिरजाने तिथल्या तिथे निकाल लावला असता.

"महादू म्हणजे शिस्त," शेठ म्हणाला. "सुरुवातीला ऐकत नव्हता, पण नंतर सुधारला. शेवटच्या महिन्यात त्याच्या गाडीवर एकसुद्धा लाल ठिपका नाही. एकसुद्धा! वहिनी, तुम्हाला दाखवतो. कुणाली, लाव गं."

कुणाली मान खाली घालून उठली. स्क्रीनवर घाट आला, नागमोडी, आणि त्यावरून एक निळी रेघ. अपघाताच्या दिवशीची. डबी ट्रकच्या सांगाड्यातून शाबूत निघाली होती. रेंज नसलेल्या पट्ट्यात तिने पोटात साठवलेलं सगळं नंतर काढून घेतलं होतं. रेघेवर बोट फिरवलं की तिथला स्पीड दिसत होता. शेठने मोठ्या कौतुकाने बोट फिरवलं. "बघा, शेवटच्या दिवशीसुद्धा. वरपासून खालपर्यंत कुठेही थांबला नाही."

गिरजा शाळा चौथीपर्यंतच शिकली होती, पण आकडे तिला वाचता येत होते. वाघजाईच्या वळणावर निळी रेघ सरळ पुढे गेली. पुढच्या वळणाला आकडा वाढला. त्याच्या पुढच्याला आणखी. मग आणखी. मग रेघ संपली.

"इथं थांबले नाय?" तिने विचारलं. "वाघजाईला?"

"नाही ना! तेच तर सांगतोय."

तिने शाल खुर्चीवर ठेवली आणि काही न बोलता बाहेर पडली. गिरजा काही न बोलता बाहेर पडली हे बघून धाऊ ड्रायव्हरला घाम फुटला, असं तो स्वतःच सांगतो.

टोकावड्याच्या नाक्यावर रघूची चहाची टपरी आहे. रघू म्हणजे महादूचा वस्ताद. गुडघे गेले म्हणून स्टिअरिंग सोडलं आणि किटली धरली. गिरजा जीपमधून उतरली ती थेट त्याच्या बाकड्यावर बसली. पोरीगत रडवेली झाली होती. "रघूदादा, माझं चुकलं. मी तिला नको नको ते बोलले. पण हे थांबलेच नव्हते तिच्यापुढं. महिनाभर थांबले नव्हते. म्हणून कोपली ती."

रघूने किटली दाणकन खाली ठेवली. "देवी कोपली? अगो, देवी कशाला कोपेल? ड्रम तापले त्याचे!"

"काय तापलं?"

"ब्रेकचे ड्रम, गिरजे. भरली गाडी वरून अर्धा घाट ब्रेक दाबत येते. चाकाच्या आतलं लोखंड तव्यासारखं तापतं. मग दाबलं तरी पकडत नाय. तिथं थांबून गाडी थंड करायची, चाकाजवळ हात नेऊन बघायचा, वास घ्यायचा, मग खालचा घाट उतरायचा. त्यासाठी थांबतात तिथं."

गिरजा बाकड्यावरून उठली. "मग हे शेठला कुणी सांगितलं का नाय?"

"सांगितलं की. सगळ्यांनी सांगितलं. महादूनं तर चारदा सांगितलं असेल." रघू बोलता बोलता अडखळला आणि त्याचा आवाज उतरला. "पण आमी सगळे सांगताना म्हणतो, देवीला थांबतो. माझ्या वस्तादानं मला असंच सांगितलं, मी महादूला असंच सांगितलं. ड्रमचं नाव कोण काढतो? नवीन पोराला ड्रम सांगितला तर तो कंटाळा करेल, देवी सांगितली की घाबरून थांबेल. तोंडाला तीच सवय लागली. शेठला काय वाटणार? हे अडाणी नारळ फोडत बसतात."

आता सांगा, या बाईने कुणावर चिडावं? देवीवर दोन महिने चिडून झालं होतं, ते फुकट गेलं. नवऱ्यावर चिडावं तर तो मेलेला. सरळ सरळ 'ब्रेक थंड करतो' एवढे तीन शब्द बोलायला त्याला काय झालं होतं? पण गिरजाने वेळ घालवला नाही. घरी जाऊन कणगीत हात घालून टाक काढला, पुसला, देव्हाऱ्यात ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी खिचडीचं काम सकुबाईवर सोपवून पुन्हा मुरबाड गाठलं. कारण आता गोष्ट एका मेलेल्या माणसाची राहिली नव्हती. महादूच्या जागी शेठने तिच्या पोराला, शेखरला, कामावर घेतलं होतं. तेवीस वर्षांचा पोर. भिवंडीच्या गोडाऊनमधली नोकरी सोडून आला होता आणि त्याच घाटातून, तीच डबी पुढ्यात घेऊन, रोज उतरत होता.

शेठने तिचं सगळं ऐकून घेतलं. चहा मागवला. मग म्हणाला, "वहिनी, दुःखात माणसाला असं काहीतरी वाटत राहतं. आता गाड्यांची सर्व्हिसिंग टायमावर होते, ब्रेकचे लायनर बदललेत. आणि आज मी वाघजाईला थांबायला दिलं तर उद्या प्रत्येक जण आपापला देव काढेल. एक म्हणेल मारुती, एक म्हणेल म्हसोबा. मग मार्केटला गाडी पोचणार कधी?"

"देवाचं नाय वो शेठ, ब्रेकचं म्हणते मी!"

"कळलं मला," शेठ म्हणाला, आणि त्याला काहीसुद्धा कळलं नव्हतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

शेखरचं तर त्याहून वर. संध्याकाळी जेवताना तिने विषय काढला तर तो हसला. "आई, रघूकाका जुन्या जमान्यातले. मी लोअर गिअरमध्ये उतरवतो. या महिन्यात माझा एकपण लाल नाय, शेठनं ग्रुपवर माझं नाव टाकलं, बघ."

"कानाखाली जाळ काढीन! ज्याच्यावर लाल नव्हता त्याचा फोटो हार घालून लावलाय तिथं!"

"तू सगळ्यांशी भांडतेस, आई. बाबा बिचारे गप्प बसायचे. मला नाय जमणार तुझ्यासारखं." तो ताटावरून उठला आणि मोबाईल घेऊन अंगणात गेला.

गिरजा रात्रभर जळत राहिली. पोर उद्धट बोलला याचा राग नव्हता. तो बापासारखा ऐकत होता, शहाण्यासारखा, शिस्तीत, याचा राग होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती घाटातल्या जीपमध्ये बसली आणि वाघजाईच्या वळणाला उतरली. हातात कोयता. जीपवाला घाबरला, "काकी, इथं काय करताय?" तिने कड्याच्या बाजूच्या झाडांच्या फांद्या तोडल्या आणि वळणाच्या अलीकडे रस्त्यावर ओळीने आडव्या टाकल्या, वर दोन-दोन दगड. घाटातल्या ड्रायव्हरला ही खूण सांगावी लागत नाही. पुढे गाडी बंद पडलीय, हळू या. मग ती फांद्यांच्या पुढ्यात, भर उन्हात, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

कारवाले आले, हॉर्न मारले, शिव्या दिल्या, बाजूने गेले. दुसऱ्यांच्या ट्रकना तिने हाताने जा म्हणून सांगितलं. पहिली शेठची गाडी आली ती धाऊची. धाऊने तिला बघितलं, फांद्या बघितल्या, कोयता बघितला आणि गाडी बाजूला घेऊन निमूट बंद केली. "गिरजावहिनी, मला पण थांबायचंच असतं वो," तो म्हणाला. "मग रोज का थांबत नाय? तोंड शिवलंय?" धाऊ बिडी पेटवून चाकांभोवती फिरायला लागला.

दुसरी गाडी शेखरची. तो ब्रेक मारत आला, करकचून, फांद्यांच्या अगदी तोंडाशी थांबला आणि खिडकीतून ओरडला, "आई! वेडी झालीस काय? बाजूला हो!"

"उतर खाली."

"मला टाइम नाय! मार्केट—"

"उतर म्हणते ना!"

तो उतरला, रागाने लाल झालेला. पाच मिनिटं मायलेकरांची जुंपली, आणि मग त्याचा मोबाईल वाजला. कुणाली. "शेखर, तुझी गाडी लाल झाली. धाऊकाकांची पण. काय झालंय तिथं?" गिरजाने फोन त्याच्या हातातून हिसकावला. "कुणाली, शेठला दे." पलीकडे खुसपुस झाली. मग शेठचा आवाज आला. "वहिनी, हे काय चाललंय? दोन गाड्यांचा माल खोळंबलाय. मार्केट चुकलं तर?"

"माझा नवरा पोचला काय मार्केटला?" गिरजा ओरडली. आवाज दरीत जाऊन परत आला. "टायमावर पोचला काय? एक लाल नव्हता ना त्याच्यावर? मग सांगा, पोचला काय?"

पलीकडे स्क्रीन टुंग टुंग वाजत होती.

"तुमच्या त्या डबीनं सगळं सांगितलं. कुठं हाय, किती पळतोय, कुठं थांबत नाय. सगळं साठवून ठेवलंन मेलीनं, तो दरीत जाईपर्यंतचं! आणि तुमी बघून काय म्हणालात? शिस्त! आता बघा तुमचे लाल ठिपके. अजून गाड्या येऊ द्या, त्या पण लाल करते. थंड झाल्याशिवाय इथून एक चाक हलणार नाय!"

शेखर तिच्याकडे बघत नव्हता. तो मागच्या चाकापाशी उभा होता. धाऊने त्याला हाताने बोलावून तिथे नेलं होतं. वास येत होता, जळक्या लायनरचा, केबिनमध्ये बसून कधी न आलेला. त्याने रिमच्या आत हात नेला आणि झटक्यात मागे घेतला. मग आत थुंकला. थुंकी चर्र झाली. तो तसाच उकिडवा बसून राहिला, आणि खालची वळणं बघायला लागला, एकामागून एक, जिथे रेघ संपली होती तिथपर्यंत.

"आई," तो म्हणाला, "मी असाच रोज उतरत होतो."

गिरजाने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. जोरात. मग त्याचा भाजलेला हात ओढून घेतला आणि त्यावर फुंकर घालत बसली, तोंडाने शिव्या चालूच. गाढवा, मूर्खा, बापावर गेलास.

तोवर शेठच्या आणखी दोन गाड्या येऊन उभ्या राहिल्या. कुणी हॉर्न वाजवला नाही. एकाने घंटा वाजवली. बऱ्याच वेळाने शेखरचा फोन परत वाजला, तेव्हा तो गिरजानेच उचलला. तोंडात पुढचं भांडण तयार होतं.

"काकी, मी कुणाली. शेठ हो म्हणाले. मी वाघजाईला हिरवा गोल टाकला. आता तिथं कितीपण वेळ थांबलं तरी लाल होणार नाय, कुणाला फोन जाणार नाय." पोरगी रडत होती. "काकी, मला माहीत असतं ना, तर मी तेव्हाच—"

"किती वेळ लागला गो?" गिरजाने विचारलं.

"काय, काकी?"

"तो गोल टाकायला."

"दोन मिनिटं," कुणाली म्हणाली. "नकाशावर जागा निवडायची, गोल काढायचा, नाव लिहायचं. झालं."

गिरजाने फोन कानाला तसाच धरला. आयुष्यात तिला शिवी कधी कमी पडली नव्हती. शेठसाठी, डबीसाठी, रघूसाठी, 'देवीला थांबतो' म्हणणाऱ्या त्या मऊ माणसासाठी, सगळ्यांसाठी तिच्याकडे होत्या. त्यातली एकही तोंडातून बाहेर आली नाही.

"दोन मिनिटं," ती म्हणाली, आणि भर रस्त्यात, उभ्या ट्रकांच्या पुढ्यात, मटकन खाली बसली.